पोलादाचे पाणी कसे ओळखावे?

मराठीत मोती पाणीदार असतो, घोडा पाणीदार असतो, डोळे पाणीदार असतात. (व्हायवाच्या दिवशी आपलेही असतात, पण ते वेगळं.) तलवारीला मात्र दोन प्रकारचे पाणी असते आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. एक पाणी लोहार देतो. पाते लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. याला 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे' म्हणतात. आपल्या सिलॅबसात याचेच नाव क्वेंचिंग. दुसरे पाणी असे वरून देता येत नाही, ते पोलादातच असावे लागते. पाते उजेडात तिरके धरले की वाऱ्याने शहारलेल्या तळ्यासारख्या बारीक रेषा त्यावर दिसतात. फारसीत याला 'जौहर' म्हणतात. राजपूत स्त्रियांच्या जोहाराशी याची गल्लत करू नका. हा जौहर म्हणजे रत्न, सत्त्व. आपले जवाहीर याच शब्दाच्या कुळातले.

हा लेख त्या दुसऱ्या पाण्याबद्दल आहे. मेटलर्जीवाल्यांनी तो वाचावाच, पण मेकॅनिकल, सिव्हिल आणि ज्यांना फक्त कीबोर्ड दिसतो अशा मित्रांनीही वाचावा. कारण साधे आहे. आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरी देवघरात नाहीतर माळ्यावर एखादी जुनी तलवार, कट्यार किंवा पट्टा असतो. खंडेनवमीला तो बाहेर निघतो. आणि मग घरातला सर्वात उत्साही माणूस (बहुधा 'इंजिनिअरिंगला असलेला' मुलगाच!) पॉलिशपेपर घेऊन तो आरशासारखा चकाचक करतो. दोन-अडीचशे वर्षे टिकलेली माहिती अर्ध्या तासात कचऱ्यात जाते. ती माहिती कोणती आणि ती वाचायची कशी, एवढंच सांगायचंय.

सुरुवात मंडईपासून करू. मंडई म्हणजे महात्मा फुले मंडई, १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झालेली ती दगडी इमारत. सप्टेंबर २०२४ पासून तिथपर्यंत भुयारी मेट्रो जाते, त्यामुळे 'लांब पडतं' ही सबब आता चालणार नाही. भोपळा, सुरण, फणस कापून विकणाऱ्या एखाद्या गाळ्यासमोर उभे राहा आणि हत्याराकडे बघा. "काका, कोयता कशाचा आहे?" असे विचारले तर बऱ्याचदा अभिमानाने उत्तर येते, "पाट्याचा!" पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा. त्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का. घिसाडी असा पाटा तोडतो, ठोकून पाते काढतो आणि पाणी देताना सगळे पाते न बुडवता फक्त धार बुडवतो. धार कडक, पाठ चिवट. कुठलाही डिप्लोमा न घेता केलेले हे डिफरेन्शियल हार्डनिंग आहे आणि ते अगदी बरोबर आहे.

त्या पात्यावर नक्षी मात्र काही नसेल. रोलिंग मिलमधून आलेले पोलाद सगळीकडे सारखे असते, त्यामुळे बघण्यासारखे काही उरत नाही. हे आपले शून्य वाचन समजा. आता त्याच गाळ्यावर कच्ची कैरी किंवा लिंबू कापलेली सुरी बघा. स्टेनलेसची असेल तर ढिम्म. साध्या पोलादाची असेल तर निळसर-काळे डाग पडलेले दिसतील. आंबट रसाने लोखंड खाल्ले. घरोघरच्या विळ्या याच कारणाने काळ्या होतात. आपण मायक्रोस्कोपखाली नमुना ठेवण्याआधी त्यावर नायटल लावतो, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन-तीन टक्के नायट्रिक ॲसिड, तेव्हा हेच घडते. पृष्ठभाग खाल्ला जातो, पण सगळीकडे सारखा नाही. जे घटक लवकर खाल्ले जातात ते काळे पडतात, जे टिकतात ते उजळ राहतात. तलवारीचे जौहर म्हणजे एवढेच. मायक्रोस्कोपखाली दिसावी अशी रचना नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी ओळीत लागलेली. जुने शिकलगार यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, वापरत.

मंडईतून बाजीराव रस्त्याकडे आलात की चालत दहा मिनिटांच्या आत राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला. सुमारे २० हजार वस्तू. बहुतेक जण मस्तानी महाल, दिवे आणि अडकित्ते बघून बाहेर पडतात. शस्त्रांसमोर मात्र तीस सेकंद थांबून 'भारी!' म्हणून पुढे. आपण तिथे जरा जास्त वेळ थांबायचे आहे, पण त्याआधी थोडी थिअरी.

ज्याला इंग्रजांनी 'वुट्झ' म्हटले ते दक्षिण भारतातले मुशीतले पोलाद. हा शब्द कानडी 'उक्कू'वरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. कृती ऐकायला मसालेभातासारखी वाटते. मऊ लोखंडाचे तुकडे घ्या, मातीच्या मुशीत भरा, वर तरवडाच्या लाकडाचे तुकडे आणि रुईची पाने घाला, तोंड मातीने बंद करा आणि भात्याने फुंकत कित्येक तास भट्टीत ठेवा. (तरवड म्हणजे आपल्या टेकड्यांवर पिवळ्या फुलांनी डवरणारे तेच झुडूप.) लाकूड आणि पाल्यातला कार्बन लोखंडात शिरतो, त्यामुळे ते कमी तापमानाला वितळते आणि मूस सावकाश थंड झाली की तळाशी पोलादाची वडी मिळते. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे या धंद्याचे मोठे ठिकाण. इराणी व्यापारी तिथे येऊन वड्या विकत घेत आणि त्यांच्या तलवारी इस्फहानला घडत. युरोपीयांनी अशा तलवारी दमास्कसच्या बाजारात पाहिल्या आणि नाव 'दमास्कस पोलाद' पडले. माल आपला, ब्रँड दुसऱ्याचा. ही गोष्ट काही आयटी आल्यावर सुरू झालेली नाही!

आपल्या बाजूचा दुवा मुंबईचा आहे. तिथले इंग्रज डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. पुढे लोहाराचा मुलगा असलेला एक तरुण या पोलादाच्या मागे लागला. त्याचे नाव मायकेल फॅरडे. इंडक्शनचा शोध १८३१ चा; त्याच्या दहा-बारा वर्षे आधी फॅरडे आणि सुऱ्या-कात्र्या बनवणारा जेम्स स्टोडार्ट हे दोघे वुट्झची नक्कल करू पाहत होते. ते जमले नाही, पण त्या खटपटीतून मिश्र पोलादांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. युरोपातले लोहार तर वडी मिळाल्यावर सवयीप्रमाणे तिला पांढरीफटक तापवत आणि घण मारला की तिचा चुरा होई. 'हे पोलाद बेकार' असा शेरा मारून मोकळे.

चुरा का होई आणि नक्षी कुठून येते, हे दोन्ही आयर्न-कार्बन डायग्राममध्ये आहे. हो, तोच. परीक्षेत रेघा काढून काढून वैताग आणलेला. वुट्झमध्ये कार्बन साधारण १.५ टक्के, म्हणजे पाट्याच्या कोयत्याच्या अडीच-तीन पट. लिव्हर रूल लावा: १.५ वजा ०.७७, भागिले ६.६७ वजा ०.७७. उत्तर सुमारे १२ टक्के. म्हणजे पर्लाइटच्या जमिनीवर १२ टक्के सुटे सिमेंटाइट. सिमेंटाइट काचेसारखे कडक आणि ॲसिडला सहसा दाद न देणारे, म्हणून ते उजळ दिसते. पर्लाइट काळे पडते. उजळ ठिपके, काळी जमीन. हे झाले रंगांचे. पण ठिपके ओळीत कसे लागतात?

या प्रश्नाने शंभर-दीडशे वर्षे लोकांना छळले. १९९० च्या दशकात अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातले प्रा. जॉन व्हर्होव्हन आणि फ्लोरिडातला नालबंद आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून उत्तर शोधले. (प्रोफेसर आणि नालबंद! आपल्याकडे वर्कशॉप इन्स्ट्रक्टरचे नाव पेपरवर दुसरे लेखक म्हणून कधी लागेल?) वडी थंड होताना डेन्ड्राइट, म्हणजे फांद्या-फांद्यांचे स्फटिक, वाढतात. उरलेले द्रव फांद्यांच्या मधल्या फटीत अडकते आणि व्हॅनेडियमसारखी कार्बाइड करणारी मूलद्रव्ये तिथे गोळा होतात. वडी ठोकून चपटी केली की या फटी आडव्या थरांसारख्या पसरतात. मग लोहार पाते तापवतो, ठोकतो, थंड होऊ देतो, पुन्हा तापवतो. प्रत्येक फेरीत व्हॅनेडियम असलेल्या थरातले सिमेंटाइटचे कण मोठे होत जातात, इतर ठिकाणचे विरतात. अनेक फेऱ्यांनंतर ओळी दिसू लागतात. ओळींमधले अंतर ३० ते ७० मायक्रॉनच्या घरात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढे किंवा कमी. आणि व्हॅनेडियम किती लागते? ०.००४ टक्क्यांसारखे नगण्य प्रमाणही पुरते. लोहाराला व्हॅनेडियम हा शब्दही माहीत असणे शक्य नव्हते. त्याला ठाऊक असणार ते इतकेच, की अमुक खाणीच्या लोखंडाला पाणी येते, तमुकला येत नाही. व्हर्होव्हन यांचा तर्क असा की जुन्या खाणी संपल्या, नव्या खनिजात हा अंश नव्हता, आणि तीच कृती करूनही नक्षी येईना. म्हणून विद्या बुडाली. त्यात भर म्हणून १८५६ नंतर बेसेमरचे स्वस्त पोलाद आणि १८५७ च्या उठावानंतरची हत्यारबंदी. मूस फुंकणाऱ्याला गिऱ्हाईकच उरले नाही.

यात तापमानाची अट मोठी आहे. पाते सिमेंटाइट विरघळण्याच्या रेषेच्या, म्हणजे साधारण हजार अंशांच्या, खाली ठेवूनच ठोकायचे. वर गेले की कण विरघळतात, ओळी पुसल्या जातात. आणखी वर गेले की चुरा. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता ओळखायचे कसे? पात्यावर नक्षी दिसली की तीनपैकी एक गोष्ट असते.

पहिली, वर सांगितलेले खरे जौहर. याच्या रेषा अखंड नसतात. दहापट भिंगातून बघितल्या तर तुटक, ठिपक्या-ठिपक्यांच्या, पाण्यात विरघळत गेल्यासारख्या दिसतात. कडा धारदार नसतात. आणि सर्वात महत्त्वाचे, नक्षी पात्याच्या आत आरपार असते, म्हणून ती पाठीवर वळते, खोबणीत उतरते, धारेपर्यंत जाते. सिव्हिलवाल्यांना पटकन कळेल असे सांगतो: आतले थर म्हणजे डोंगर, पात्याचा घासलेला पृष्ठभाग म्हणजे त्याला दिलेला छेद आणि जौहर म्हणजे कंटूर मॅप. जिथे घासताना उतार कमी तिथे रेषा लांब-रुंद, जिथे उतार जास्त तिथे दाट. म्हणून खोबणीच्या काठावर नक्षीचा नूर बदलायलाच हवा. बदलत नसेल तर शंका घ्या.

इराण-तुर्कस्तानात या नक्षीला नावे आणि दर्जे होते. साधी लांबट लाटांची ती 'शाम', दाट काळ्या जमिनीवरची 'कारा खोरासान', आणि सर्वात मानाची 'किर्क नर्दुबान', म्हणजे चाळीस पायऱ्या. हिच्यात ठरावीक अंतरावर शिडीसारखे आडवे पट्टे दिसतात. व्हर्होव्हन-पेंड्रे यांनी हीसुद्धा करून दाखवली. पाते जवळजवळ तयार झाल्यावर त्यावर आडव्या उथळ खाचा पाडायच्या आणि मग पुन्हा ठोकून सपाट करायचे. खाचेखालचे थर वर उचलले जातात, कंटूर बदलतात, झाली पायरी.

दुसरी गोष्ट, थर जोडून केलेले पाते. यात मुशीचा संबंध नाही. दोन वेगळ्या जातींच्या लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तापवून ठोकून एकजीव करायच्या, दुमडायच्या, पिळायच्या. उत्तर हिंदुस्थानात अशा पात्याला 'सकेला' म्हणत. याचा जगातला सर्वात देखणा नमुना जावा बेटावर आहे, तिथल्या 'केरिस' नावाच्या कट्यारीत. तिच्या नक्षीला 'पामोर' म्हणतात. तिथला लोहार, ज्याला आदराने 'एम्पू' म्हणतात, लोखंडात निकेल असलेल्या धातूचे थर घालतो. मध्य जावातल्या प्राम्बानान इथे पडलेल्या उल्केचे लोखंड सुराकार्ताच्या राजवाड्यात यासाठी वापरले गेले. मग पाते लिंबाचा रस आणि सोमलाच्या मिश्रणाने धुतात; लोखंड काळे पडते, निकेल चांदीसारखे चमकत राहते. म्हणजे आपली विळीवरची लिंबाची गोष्टच, फक्त फार वरच्या पायरीवर! नक्षीला नावेही घरगुती आहेत. 'वोस वुताह' म्हणजे सांडलेले तांदूळ, 'ब्लाराक ङिरिद' नारळीच्या झावळीसारखी. २००५ साली युनेस्कोने केरिसला मानवी वारशाचा दर्जा दिला. तिथे घरोघरी केरिस वारशाने येते, वर्षातून एकदा विधिपूर्वक धुतली जाते, आणि नक्षी पुन्हा उठून दिसावी हा त्या धुण्याचा एक हेतू असतो. आपण आपल्या खंडेनवमीला नेमके उलटे करतो.

थर जोडलेले पाते ओळखायची खूण म्हणजे रेषेची कड. इथे रेषा अखंड असते आणि दोन धातूंची हद्द प्लायवूडच्या कडेसारखी स्वच्छ दिसते. पाठीवर बघितले तर थर मोजताही येतात. कुठेतरी जोड नीट न बसल्याची केसासारखी काळी फट सापडते. म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही, जात वेगळी आहे इतकेच. दर्जा बघायचा तर फटी किती, धारेपाशी कडक थर नीट आला आहे का आणि नक्षी ठरवून आणली आहे की आली तशी घेतली, हे बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे शुद्ध फसवणूक. साध्या पात्यावर मेण किंवा लाखेने नक्षी झाकून ॲसिड ओतायचे, किंवा आता सरळ लेसर मारायचा. जुन्या बाजारातल्या 'शिवकालीन' तलवारी आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'दमास्कस' सुऱ्या यांत हा प्रकार भरपूर. ओळखणे सोपे आहे. नक्षी पाठीवर येऊन धाडकन थांबते किंवा पाठ कोरीच असते. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या असतात, आणि तोच नमुना दर दोन-तीन इंचांवर रिपीट होतो. नख फिरवले तर काळ्या रेषा खोल लागतात. खोबणी आली तरी नक्षीला पत्ताच नाही. कंटूर मॅपवर दरी आली आणि रेषा सरळच गेल्या, असे सबमिशन आपले सर्व्हेचे सर तरी घेतील का?

हे सगळे वाचून कोणी 'आमच्या तलवारीला नक्षी नाही, म्हणजे ती फालतू' असे समजेल, तर थांबा. मराठ्यांच्या बाबतीत तर ही चूक हमखास होते. मराठ्यांना सरळ, लांब, लवचीक युरोपीय पाती फार आवडत. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत ती येत, इथे त्यांना आपल्या धाटणीची मूठ बसवली जाई, आणि अशा तलवारीला म्हणत 'फिरंग'. या पात्यांवर जौहर नसते, कारण ती मुशीतल्या वडीची नाहीत. त्यांचा गुण लवचीकपणात. ताजे उदाहरण घ्या. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने ती मिळवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय घडणीचे, मूठ इथली, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचे नाव, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शब्द. जौहराची एक रेघ नाही, पण तिचे महत्त्व कोण नाकारेल? आणि विचार करा, ती अक्षरे पाठीवर आहेत. एखाद्या उत्साही माणसाने पाठीवरून ८० नंबरचा पेपर फिरवला असता तर उरली असती एक अनामिक तलवार.

फिरंगीवर शिक्के असतात. धावता लांडगा, चंद्रकोरीसारखे दातेरी ठसे, किंवा कारागिराचे नाव. पण शिक्क्यावर भाळू नका. लांडग्याचा ठसा मुळात जर्मनीतल्या पासाऊचा, तो झोलिंगनवाल्यांनी उचलला. जिनोआचे दातेरी ठसे तर इथल्या लोहारांनीही मारले. डुप्लिकेट लेबलचा धंदा जुनाच आहे. शिक्का हा एक साक्षीदार, निकाल नव्हे.

मग जौहर म्हणजे उत्तम पोलाद, हे कितपत खरे? माझ्या मते जौहर ही सही आहे, मार्कशीट नव्हे. पोलाद कोणत्या कुळातले हे त्यावरून कळते, आणि लोहाराने आच सांभाळली होती हेही कळते, कारण एकदा जरी हात सुटला असता तरी नक्षी गेली असती. पण 'हवेत रुमाल कापणारी', 'दगड चिरणारी' वगैरे गोष्टी कीर्तनात शोभतात. व्हर्होव्हन आणि मंडळींनी धारेच्या झिजेच्या चाचण्या घेतल्या तेव्हा पूर्ण कडक केलेल्या पात्यांत आजचे ५२१०० हे बेअरिंगचे पोलाद वुट्झपेक्षा सरस निघाले. शिवाय जुन्या वुट्झमध्ये बऱ्याचदा फॉस्फरस जास्त असतो आणि फॉस्फरसने पोलाद थंडीत ठिसूळ होते. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातल्या एका जौहरदार तलवारीत कार्बन नॅनोट्यूब दिसल्याचे 'नेचर'मध्ये छापले, तेव्हा आपल्याकडे 'पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती' असे ई-मेल फॉरवर्ड फिरले. पूर्वजांना आच ओळखता येत होती, अंधारलेल्या भट्टीत नुसत्या रंगावरून तापमान धरता येत होते. ते पुरेसे मोठे आहे, त्याला नॅनोची झूल कशाला?

संग्रहालयात अर्थातच हात लावता येत नाही, ॲसिडचा प्रश्नच नाही. तरी बरेच काही दिसते. काचेसमोर सरळ उभे राहू नका, बाजूला सरका. नक्षी तिरक्या उजेडातच उठते. मुठीच्या लगतचा बोटभर भाग आधी बघा, कारण घासणाऱ्याचा हात तिथे कमी पोचतो. मग पाठ, मग खोबणी, मग टोक. पाते एकसारखे करडे दिसले तर दोन शक्यता: नक्षी नाहीच, किंवा पॉलिशने झाकली गेली आहे. बाहेरून फरक सांगता येत नाही, आणि तसे प्रामाणिकपणे वहीत लिहावे.

आता घरच्या तलवारीचे. पॉलिशपेपरने जौहर कायमचे मरत नाही, हे आधी सांगून टाकतो. ते आत आरपार आहे, जाणकार संवर्धक योग्य रसायनाने ते पुन्हा दाखवू शकतो. कायमची जाते ती वरवरची गोष्ट: सोन्याचे तारकाम, अक्षरे, शिक्का. निकेल किंवा क्रोमचे प्लेटिंग करून आणणे त्याहून वाईट. पण सर्वात मोठा शत्रू आहे गावातला वेल्डिंगवाला. आपल्याकडच्या बऱ्याच तलवारींची मूठ लाख-राळेने बसवलेली असते. ती जुनी होऊन सुटते. मग कोणीतरी म्हणतो, "दोन टाके मारून घेऊ." दीड टक्का कार्बनच्या पोलादावर वेल्डिंग! हजार अंशांची रेषा आठवा. टाक्याच्या आसपासचे जौहर पुसले जाणार, वर तिथे कडक मार्टेन्साइट होऊन तडा जाणार. हीट अफेक्टेड झोनवर पाच मार्कांचा प्रश्न आला तर हे उदाहरण लिहा.

त्याऐवजी एवढे करावे. सुक्या मऊ सुती फडक्याने पुसावे. सैल गंज असेल तर हलके मशीन ऑइल लावून एक दिवस ठेवून पुसावे. खोबरेल नको, ते चिकट होते. हळद-कुंकू वाहिले तर पूजा झाल्यावर पुसून घ्यावे, कारण ते ओल धरून ठेवते. लिंबू, चिंच, राख, वीट काही नको. आणि तलवार वर्षभर म्यानात ठेवू नये. चामडे आणि मखमल दमट राहतात, गंज आतून चढतो. मूठ सैल झाली असेल तर सैल राहू द्या, जाणकार भेटेपर्यंत कापडात गुंडाळून ठेवा.

कायद्याचेही थोडे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे, घरगुती, शेतीची आणि उद्योगातली सोडून, आर्म्स रूल्स २०१६ च्या यादीत येतात. तेव्हा 'लॅबमध्ये बघू' म्हणून तलवार एसटीच्या डिक्कीत टाकून हॉस्टेलवर आणण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. रेक्टर सरांना फेरस सल्फेट समजावून सांगता येणार नाही.

फोटो आणा. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून काढा: दोन्ही बाजूंचे पूर्ण पाते, मुठीजवळचा भाग जवळून, पाठ वरून, खोबणीचा काठ, आणि अक्षर किंवा शिक्का असेल तर तो तिरक्या उजेडात तीन-चार कोनांतून. तलवार घरी कुठून आली याबद्दल आजी-आजोबा जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या, पटो न पटो. मेटलर्जीच्या लॅबमध्ये शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जण असतोच. भिंग आमचे, चहा तुमचा.